सतराचा पाढा

रविवारची सकाळ. सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटच्या खिडकीला सीटी स्कॅनच्या तीन फिल्म चिकटपट्टीने लावल्या आहेत. पडदा बाजूला सारला आहे आणि ऊन मेंदूच्या आरपार येऊन फरशीवर पडलं आहे. मेंदू यजमानांचाच. वय ७३, पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त, जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा तिच्याविरुद्ध तावातावाने बोललेले. त्यांना मामाच म्हणू, कारण समोर बसलेली भाची त्यांना तेच म्हणते. भाची न्यूरोसर्जन. कवट्या उघडणं हे तिचं रोजचं काम, पण आज ती मामांच्या लेखावर पेन घेऊन बसली आहे.

लेख ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्मरणिकेसाठी. चार फुलस्केप कागद, वळणदार अक्षर, शीर्षक लाल शाईत: ‘मेंदूतील रक्तस्राव : शस्त्रक्रियेविना मुक्ती’.

“पहिलंच वाक्य काढ,” भाची म्हणाली. “‘डोक्यात साकळलेलं रक्त आपोआप विरघळतं.’ हे छापायचं नाही.”

“खोटं आहे?”

“खोटं असतं तर कुणीतरी खोडून टाकलं असतं. हे खरं आहे, कधी कधी. त्याचीच भीती वाटते.”

“मग हे काय आहे?” मामांनी खिडकीकडे पट्टी रोखली. वर्गात फळ्याकडे रोखत तशीच. “पहिली फिल्म, पांढरी चंद्रकोर. दुसरी, चंद्रकोर गायब. तिसरी, स्वच्छ. चाकू नाही, टाका नाही. मी स्वतःच पुरावा आहे.”

पुराव्याची हकिगत अशी. जूनमधला पहिला पाऊस, तेलकट झालेला रस्ता, स्कूटर घसरली. वेग फार तर वीस. डोक्याची उजवी बाजू फुटपाथच्या कडेवर आपटली. हेल्मेट होतं, पण डिकीत. मामा उठले, कपडे झटकले, स्कूटर चालवतच घरी आले. मामीने टेंगळावर आंबेहळद उगाळून लावली. टेंगूळ चांगलं लिंबाएवढं होतं आणि मामांना त्याचा दिलासाच वाटत होता, कारण त्यांची आजी म्हणायची, टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आत काही गेलं नाही. संध्याकाळी दोन उलट्या झाल्या. मामीने भाचीला फोन केला आणि तासाभरात मामा सीटी स्कॅनच्या बोगद्यात होते. कवटीच्या आत, मेंदूवरच्या जाड आवरणाखाली, सहा मिलिमीटर जाडीचा रक्ताचा थर निघाला. वैद्यकीय भाषेत सबड्यूरल हिमॅटोमा. तीन दिवस रुग्णालयात काढून ऑपरेशनशिवाय ते घरी आले.

“टेंगळाचं आधी सांगते,” भाची म्हणाली. “टेंगूळ कातडीच्या खालचं, रक्त कवटीच्या खालचं. दोघांमध्ये हाडाची भिंत. बाहेरच्या टेंगळावरून आतलं काहीच कळत नाही. आजी पणतीच्या उजेडात वाढली, तिच्याकडे स्कॅन नव्हता. तुझ्याकडे आहे.”

मामांनी टेंगूळ सोडून दिलं, मुद्दा सोडला नाही. त्यांच्या लेखाचा गाभाच तो होता आणि खरं सांगायचं तर तो चांगला लिहिला होता. मुका मार लागला की कातडी आधी लाल-निळी होते, मग हिरवट, मग पिवळी, मग पूर्ववत. हा रंगांचा खेळ म्हणजे रसायनशास्त्र. सांडलेल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं हिमोग्लोबिन सुटं होतं. भक्षक पेशी ते गिळतात आणि त्याचं आधी बिलिव्हर्डिन करतात, ते हिरवं. मग बिलिरुबिन, ते पिवळं. उरलेलं लोह साठवून ठेवतात. गुडघ्यावर जे होतं तेच कवटीच्या आत होतं, फक्त दिसत नाही. शरीराला रक्त उचलायची सवय आहे, त्यात सर्जनने लुडबूड कशाला करावी, असा मामांचा सवाल.

“रसायनशास्त्र बरोबर,” भाची म्हणाली. “उत्तरपत्रिकेत पैकीच्या पैकी. पण गुडघ्याभोवती कवटी नसते.”

तिने रिकामा स्टीलचा डबा उचलला आणि झाकण घट्ट लावलं. कवटीत साधारण चौदाशे मिलिलिटर मेंदू, दीडशेच्या आसपास पाणी आणि तेवढंच रक्त. डबा ताणला जात नाही. रक्तवाहिनीतून थोडं रक्त बाहेर सांडलं तर पाणी मणक्याकडे सरकून जागा करून देतं, शिरांमधलं रक्त निघून जातं. तोवर माणूस बोलतो, हसतो, स्कूटर चालवतो. जागा संपली की पुढचे काही चमचेसुद्धा जीवघेणे ठरतात. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रोने हा हिशेब मांडला आणि अजून तो कुणाला चुकवता आलेला नाही.

“तुला जागा होती,” ती म्हणाली. “वयामुळे मेंदू थोडा आकसतो.”

“गोटा खोबऱ्यासारखा,” मामी आतून म्हणाली. ती भाजी निवडत होती. “वाळलं की करवंटीपासून सुटतं, हलवलं की खुळखुळ वाजतं.”

अगदी तसंच, असं भाची म्हणाली, आणि मामांना ही उपमा आवडली नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आकसलेल्या मेंदूभोवती मोकळी जागा असते, म्हणून थोडं रक्त म्हाताऱ्या माणसाला सोसतं. पण त्याच आकसण्यामुळे मेंदूपासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात आणि मामुली धक्क्यानेही तुटतात. वयाने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. पंचविशीतल्या पोराच्या कवटीत मेंदू काठोकाठ भरलेला असतो. त्याला सहा मिलिमीटरसुद्धा जड जाऊ शकतात.

“रमण लांबा आठवतो?” तिने विचारलं.

क्रिकेटचा विषय निघाला की मामांना स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायलाही हरकत नसते. तेच सांगू लागले. फेब्रुवारी १९९८, ढाका. क्लब क्रिकेटचा सामना. लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला आला, हेल्मेट न घालता; दोन-चार चेंडूंचाच तर प्रश्न होता. मेहराब हुसेनचा फटका कपाळावर बसला, चेंडू उडून यष्टिरक्षकाकडे गेला. लांबा स्वतः चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला. तिथे तब्येत बिघडली, शुद्ध गेली. ऑपरेशन झालं, पण तीन दिवसांनी तो गेला. वय ३८.

“चालत गेला,” भाची म्हणाली. “तूही चालवत आलास. त्या क्षणी तुमच्यात काय फरक होता, सांग.”

मामा गप्प.

“नताशा रिचर्डसन नावाची अभिनेत्री होती. मार्च २००९, कॅनडात शिकाऊ लोकांच्या उतारावर स्कीइंग करताना पडली. हसत उठली. रुग्णवाहिका आली होती, ती परत पाठवली. काही तासांत डोकं असह्य दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी ती न्यूयॉर्कमध्ये वारली. ४५ वर्षांची. तिचा रक्तस्राव आवरणाच्या वरचा होता, एपिड्यूरल. हा बहुतेक वेळा धमनीतून होतो, म्हणजे दाबाने. स्कॅनवर चंद्रकोर दिसत नाही, मसुरासारखा फुगवटा दिसतो. मधल्या काळात माणूस ठणठणीत वाटतो, त्याला आम्ही ल्युसिड इंटरव्हल म्हणतो. हा शब्द मला मुळीच आवडत नाही.”

“पण सगळे एपिड्यूरलही उघडत नाहीत तुम्ही,” मामा म्हणाले. त्यांनी वाचलं होतं. २००६ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना त्यांच्या चौथ्या पानावर आल्या होत्या: गुठळी तीस मिलिलिटरपेक्षा कमी, जाडी पंधरा मिलिमीटरच्या आत, मेंदूची मधली रेषा पाच मिलिमीटरपेक्षा कमी सरकलेली, माणूस शुद्धीत, हातपाय ठीक, तर थांबता येतं. सबड्यूरल दहा मिलिमीटरपेक्षा जाड किंवा मधली रेषा पाचपेक्षा जास्त सरकलेली असली तर उघडा. “म्हणजे तुमचेच आकडे थांबायला सांगतात.”

“पुढचं वाक्य लिहायचं राहिलं तुझं. थांबायचं ते न्यूरोसर्जरीची सोय असलेल्या ठिकाणी, परत परत स्कॅन काढून आणि डोळ्यात तेल घालून. ते वाक्य गाळलं की सूचनेची अफवा होते.”

मामांना लागलं. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना अवतरण अर्धं तोडू नका म्हणून सांगितलं होतं. म्हणून की काय, त्यांनी आता जड तोफ बाहेर काढली.

“तुम्हा लोकांना काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, त्याचं काय? डोक्याला मार लागला की स्टेरॉइड द्यायचे ना? सूज उतरते म्हणून? वर्षानुवर्षं दिलं. मग क्रॅश नावाची चाचणी झाली, २००४ मध्ये निष्कर्ष आला. दहा हजार आठ रुग्ण. स्टेरॉइड दिलेल्यांपैकी पंधरवड्यात २१ टक्के गेले, न दिलेल्यांपैकी १८ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. मदत म्हणून दिलेल्या औषधाने माणसं मेली. ह्यावर काय म्हणणं आहे?”

“काही नाही,” भाची म्हणाली. “बरोबर आहे. लेखात घाल हे. ठळक घाल.”

हे अनपेक्षित होतं. न्यूरोसर्जन मंडळींमध्ये शांतपणे हार मानणारे कमी सापडतात, असा लेखकाचा मर्यादित अनुभव आहे. पण भाचीची पिढी या चाचणीनंतर शिकलेली. तिला डोक्याच्या मारात स्टेरॉइड न देणं जितकं साधं वाटतं, तितकंच तिच्या गुरूंना ते देणं वाटत असे.

“आता माझी तोफ,” ती म्हणाली. “मेंदूच्या आवरणात नव्हे, खुद्द मेंदूच्या गाभ्यात मार लागून झालेल्या गुठळ्या. लगेच काढाव्या की वाट पाहावी यावर डॉक्टरांचंच एकमत नव्हतं, अशा रुग्णांची चाचणी झाली. सहा महिन्यांनी पाहिलं तर लगेच ऑपरेशन केलेल्यांत १५ टक्के मृत्यू, थांबलेल्यांत ३३.”

“रुग्ण किती?”

“१७०.”

“बस्स?” मामांचा आवाज वर्गातला झाला.

“पुरेसे रुग्ण येत नाहीत म्हणून पैसे देणाऱ्यांनी २०१२ मध्ये बंद केली. त्यामुळे निष्कर्ष म्हणत नाही मी, इशारा म्हणते. पण रात्री दोन वाजता माझ्यासमोर असा रुग्ण असतो तेव्हा हे दोन आकडे माझ्या डोक्यात असतात.”

इथे चहा आला. मामीने कप ठेवले आणि न बोलता एक शाळकरी वही भाचीच्या हातात दिली. दोनशे पानी, वर नातवाचं नाव खोडलेलं.

आत तारीखवार रकाने. रुग्णालयातून घरी आल्यावर पहिले दोन दिवस रात्री दर दोन तासांनी उठवून बघा, असं सांगितलं होतं. मामीने आठ रात्री उठवलं होतं. रात्री ११.१०: उठले, नाव सांगितलं. १.००: चिडले. ३.०५: वार बरोबर सांगितला, तारीख चुकली, मग सुधारली. ५.००: सतराचा पाढा, सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत, मग म्हणाले झोपू दे. प्रत्येक नोंदीपुढे दोन्ही बाहुल्या सारख्या, हात दाबले सारखे, अशा खुणा. मोबाइलच्या टॉर्चने बाहुल्या बघायला तिला वॉर्डातल्या नर्सने शिकवलं होतं.

“झोपू द्यायचं नाही असंच ऐकत आले होते,” मामी म्हणाली. “नर्स म्हणाली, झोपू दे, फक्त उठतात ना ते बघ.”

भाचीने वही दोनदा चाळली. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी शुद्धी मोजायची पट्टी जगाला दिली: डोळे उघडतो का, बोलतो काय, हात हलवतो कसा. तीन ते पंधरा गुण. महागडं यंत्र लागत नाही, पुन्हा पुन्हा बघणारं माणूस लागतं. सतराचा पाढा त्या पट्टीत नाही.

“हे लेखात कुठे आहे?” तिने विचारलं.

“ते घरगुती आहे,” मामा म्हणाले.

तिने पेन्सिलने पहिल्या वाक्यातल्या ‘आपोआप’भोवती गोल केला आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मग उठून खिडकीपाशी गेली.

“दुसऱ्या फिल्मवर तुला चंद्रकोर गायब दिसली. गायब झाली नव्हती. ताजं रक्त स्कॅनवर पांढरं दिसतं. दोन-तीन आठवड्यांत ते मेंदूच्याच राखाडी रंगाचं होतं आणि गर्दीत मिसळतं. पुढे मेंदूपेक्षा काळपट. नवख्या डॉक्टरचीसुद्धा मधल्या टप्प्यात फसगत होते. हे बघ, मेंदूच्या घड्या इथे कडेपर्यंत पोचत नाहीत. कुणीतरी त्यांना आत रेटतंय. तो तुझा राखाडी चोर. तिसरी फिल्म दोन महिन्यांची, ती खरंच स्वच्छ.”

“मग एका रात्रीत रक्त गेल्याच्या केसेस छापून येतात त्या?”

“येतात. आतलं आवरण फाटलं असेल तर मेंदूभोवतीचं पाणी रक्तात मिसळून ते पातळ होतं, आणि दाबाने दुसरीकडे पसरतं. नाहीसं होत नाही. पाहुणे येताना आपण पसारा पलंगाखाली सारतो, तसं.”

मामा हसले. वातावरण सैल झालं आणि त्या सैलपणात त्यांनी एक गोष्ट अभिमानाने सांगून टाकली. संघाचे खजिनदारही महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरले होते. भिंतीवर डोकं आपटलं, पण काही झालं नाही. आता जरा डोकं दुखतं. “मी माझ्या फिल्म दाखवल्या. म्हटलं, घाबरू नका, असलं तरी विरघळेल. धीर आला त्यांना.”

भाचीने कप खाली ठेवला. “वय?”

“७८.”

“रक्त पातळ करायची गोळी?”

“ठोके अनियमित आहेत, त्याची घेतात काहीतरी.”

“चालतात कसे?”

मामा विचारात पडले. मामीने उत्तर दिलं. “परवा देवळात भेटले. डाव्या पायातली चप्पल मागे राहिली, आणि ते तसेच चार पावलं पुढे गेले. त्यांना कळलंच नाही.”

“आणि ह्या महिन्याचा जमाखर्च जुळत नाहीये,” मामा सावकाश म्हणाले. “चाळीस रुपयांची चूक न करणारा माणूस. आम्ही म्हटलं, वय झालं.”

पुढच्या पाच मिनिटांत भाचीने खजिनदारांच्या सुनेला फोन करून तीन गोष्टी सांगितल्या: आत्ता, स्कॅन, गोळ्यांची पाकिटं बरोबर घेऊन. सून म्हणाली, उद्या सोमवारी नेलं तर? भाची म्हणाली, आज.

मग वाट बघणं आलं. वाट बघताना माणसं जास्त बोलतात किंवा अजिबात बोलत नाहीत; ह्या घरात बोलतात.

“समजा निघालंच,” मामा म्हणाले. “तर माझं विरघळलं आणि त्यांचं का नाही? पडणं तर साधंच होतं.”

हा प्रश्न त्यांनी आधी विचारायला हवा होता. कारण सगळ्या विषयाची गंमत, आणि धास्ती, इथे आहे. आवरणाखाली सांडलेलं रक्त शरीराला परकं वाटतं. आठवड्या-दोन आठवड्यांत त्याभोवती एक पातळ पडदा तयार होतो, आधी बाहेरच्या बाजूने, मग आतून. हेतू चांगलाच: रक्ताला वेढायचं, पचवायचं. पचवायला रक्तपुरवठा लागतो, म्हणून पडद्यात नव्या केशवाहिन्या फुटतात. त्या घाईत बांधलेल्या, कच्च्या. त्यांतून द्रव पाझरतो, कधी रक्तही. गुठळी विरघळवणारी द्रव्यंही तिथेच तयार होतात आणि ती नव्या जखमेवर धरलेली गुठळीही विरघळवून टाकतात. एकाच पडद्यात एकीकडे उपसा, दुसरीकडे गळती. उपसा जास्त झाला तर मामांची तिसरी फिल्म. गळती जास्त झाली तर तीन-चार आठवड्यांनी चप्पल मागे राहते.

“म्हणजे बरं करणारी यंत्रणाच बिघडवते?”

“तीच यंत्रणा. फिर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरला १८५७ मध्ये हा पडदा दिसला होता, पण त्याला वाटलं हा दाह आहे. डोक्याला लागलेल्या विसरण्याजोग्या माराशी त्याचा संबंध पुढच्या शतकात पक्का झाला. रुग्णाला मार आठवतच नाही. आम्ही विचारतो, पडला होता का? घरचे म्हणतात छे. मग कुणाला तरी आठवतं, दिवाळीत माळ्यावरून डबा काढताना…”

“औषधाने नाही का उपसा वाढवता येत?”

“पुन्हा तुझं स्टेरॉइड. कागदावर शोभतं: दाह कमी, गळती कमी. ब्रिटनमध्ये ७४८ रुग्णांवर पाहिलं, २०२० मध्ये छापून आलं. परत ऑपरेशन करायची वेळ कमी आली खरी, पण सहा महिन्यांनी धड अवस्थेत असलेले लोक स्टेरॉइडच्या गटात ८४ टक्के, नुसत्या साखरेच्या गोळीवरचे ९०. साखर जिंकली.”

मामांना हे फार आवडलं. त्यांनी ते लगेच कागदाच्या समासात टिपलं.

“आणि मार लागल्या लागल्या रक्त थांबवायचं औषध? ट्रानेक्झॅमिक?”

“जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या नवरा-बायकोने शोधलं ते, १९६२ मधला त्यांचा निबंध आहे. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका उताकोच्या डोळ्यांपुढे होत्या. डोक्याच्या मारावर २०१९ मध्ये मोठी चाचणी आली, बारा हजारांवर रुग्ण. तीन तासांच्या आत दिलं तर सौम्य आणि मध्यम मारात थोडा फायदा, गंभीर मारात नाही. तुला ते मिळालं नाही, तू सहा तासांनी आलास.”

“आंबेहळद लावत होतो ना,” मामी म्हणाली. कुणाला टोमणा होता ते कळलं नाही.

मग मामांनीच नरी कॉन्ट्रॅक्टरचा विषय काढला. मामा तेव्हा दहा वर्षांचे होते. मार्च १९६२, बार्बाडोस, चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या कर्णधाराच्या डोक्यावर. तोही मैदानातून चालत बाहेर आला होता. मग कवटी उघडून रक्त काढावं लागलं. रक्त द्यायला पुढे आले खुद्द विंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर. “मी वडिलांना विचारलं होतं, वॉरेलचं रक्त घेतलं म्हणजे कॉन्ट्रॅक्टर आता तसा खेळेल का?” कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये परतले. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत काढली गेली.

“तेव्हा सीटी स्कॅन नव्हता,” भाची म्हणाली. “पहिला रुग्ण लंडनमध्ये १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये त्या यंत्रात गेला. त्याआधी उघडल्याशिवाय कळतच नसे. किती लोकांचं आत जमलं आणि आत जिरलं, याची कुठे नोंदच नाही. तुझ्यासारखं छोटं रक्त त्या काळी ‘जरा डोकं दुखलं चार दिवस’ म्हणून गेलं असतं. थांबायचं धाडस आम्हाला त्या यंत्राने दिलं. थांबायचं म्हणजे बघत थांबायचं.”

सव्वाएकला तिच्या फोनवर चित्र आलं. तिने ते मामांकडे वळवलं. डोक्याच्या उजव्या बाजूला रुंद, काळपट चंद्रकोर, मध्ये ताज्या रक्ताच्या पांढुरक्या रेघा. अठरा मिलिमीटर. मधली रेषा सात मिलिमीटर ढकललेली.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “उजवीकडे आहे. चप्पल डावी.”

“हो. मेंदूचा उजवा भाग डावं अंग चालवतो.”

“मी त्यांना म्हटलं विरघळेल.”

ती काही बोलली नाही. मग बोलली ते कामाचं. हे ऑपरेशन मोठं नाही. ताजी गुठळी खरवसासारखी घट्ट असते, ती काढायला कवटीचा मोठा तुकडा उचलावा लागतो. जुनं रक्त पातळ झालेलं असतं, इंजिनच्या वापरलेल्या तेलासारखं. रुपयाच्या नाण्याएवढी दोन भोकं पुरतात. एक बारीक नळी दोन दिवस आत ठेवतात. केंब्रिजच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये दाखवलं की नळी ठेवली तर रक्त परत जमायचं प्रमाण २४ टक्क्यांवरून ९ वर येतं. हल्ली आणखी एक उपाय आला आहे: मांडीतून किंवा मनगटातून तार नेऊन त्या गळक्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनीच आतून बुजवायची. २०२४ मध्ये त्याचे निकाल आले. ऑपरेशनला ही जोड दिलेल्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, एरवी ११. खजिनदारांची रक्त पातळ करायची गोळी आधी उतरवावी लागेल, तोवर रात्र होईल. उद्या सकाळी बहुधा ते हिशेब मागतील.

“बहुधा,” मामा म्हणाले.

“बहुधा.”

त्यांनी लेखाची चारही पानं पुढे ओढली. शीर्षकावर काट मारली, पण नवं सुचेना. ‘आपोआप’ मात्र त्यांनी खोडला नाही. गोलाच्या बाहेर बाण काढला आणि समासात लिहिलं: बघा वही. मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, “माझी ॲस्पिरिन कधी सुरू करायची? स्टेंट आहे माझ्या हृदयात. मेंदूवाला म्हणतो बंद, हृदयवाला म्हणतो किती दिवस बंद. तुमच्यात एकमत आहे का?”

“नाही,” भाची म्हणाली. “पूर्ण नाही. तिसरी फिल्म मी उद्या तुझ्या हृदयवाल्याला पाठवते. आम्ही दोघं भांडून ठरवू आणि तुला कळवू. तोवर स्वतः सुरू करू नकोस.”

ती सँडल घालायला दाराशी गेली. मामा आत जाऊन शर्ट बदलू लागले. खजिनदारांकडे जायचं होतं, रिक्षाने. मामी दारापर्यंत आली. हातात ती वही होती.

“एक विचारायचं राहिलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी अजून उठवते त्यांना. रोज नाही. तीनच्या सुमाराला जाग येते तेव्हा. बंद करू का आता?”

“दोन महिने, मामी?”

“चिडतात. पण सतराचा पाढा म्हणतात.”

“बंद कर,” भाची म्हणाली. “झोप आता.”

आतून मामांनी विचारलं, काय बोलताय. मामी म्हणाली, काही नाही, भाजीचं.